साहेबाचं चरित्र लिहायचंय? आधी कागद नस्तीला लावा

ठाण्यात व्याख्यानांना तोटा नाही. आमच्या नौपाड्यातल्या वाचक कट्ट्यावर मात्र बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही असा दंडक आहे. ज्याची पाळी असेल त्याने एका माणसाचं चरित्र स्वतः लिहून आणायचं, पाऊण तासात वाचायचं आणि मग प्रश्न झेलायचे. बहुतेक जण संत, क्रांतिकारक किंवा नाटकवाले घेतात. इंग्रज साहेब क्वचित कोणी घेतो, आणि घेतला तरी साचे दोनच: शाळा-कॉलेजं काढणारा उपकारकर्ता, नाहीतर कपटी टोपीकर. दोन्ही लिहायला सोपे आणि ऐकायला कंटाळवाणे.

मी महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला कागद कसा वाचायचा हे नोकरीने शिकवलं, आणि राजनैतिक अधिकाऱ्याचं आयुष्य म्हणजे शेवटी कागदच. तो दुसऱ्याच्या दरबारात बसतो, ऐकतो, बोलतो आणि आपल्या वरिष्ठांना पत्रं लिहितो. ऐरोलीहून येणाऱ्या एका तरुण सभासदाने मला विचारलं, "काकू, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवर लिहायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते. उदाहरणही एल्फिन्स्टनचंच ठेवते, कारण त्याच्या आयुष्यातलं एक मोठं पान ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहात, लिहिलं गेलं.

माणूस पक्का करा

एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार निघाले की आधी वडिलांचं नाव बघायचं, ही आमची पहिली शिकवण. इथे तर तीन खातेदार आहेत. आपला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्म १७७९, पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्याच्या दरबारात बसणारा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. दुसरा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. हाही मुंबईचा गव्हर्नर, पण १८५३ ते १८६०. आपण वर्षानुवर्षं ज्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर उतरत होतो, ज्याचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, ते या पुतण्याचं. माथेरान वसवण्याशी नाव जोडलं जातं तोही पुतण्याच. कॉलेज मात्र काकाचं. तिसरा चुलतभाऊ, जनरल विल्यम एल्फिन्स्टन. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याची फौज संपली आणि जो कैदेत मेला, तो हा.

हे तिघं एकत्र शिजले की भलतीच खिचडी होते. विशेषतः काबूलच्या बाबतीत, कारण आपल्या एल्फिन्स्टननेही अफगाणांच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, १८१५ मध्ये छापला, आणि त्याच्या नावातच काबूल आहे. प्रत्यक्षात तो काबूलला कधी गेलाच नाही. १८०८ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून निघाला, बिकानेर, बहावलपूर, मुलतान करत १८०९ मध्ये पेशावरला पोहोचला. अफगाणांचा राजा शाह शुजा तिथेच होता, भेट तिथेच झाली, आणि तिथूनच तो परतला. शाहच्या दंडावरचा कोहिनूर त्याने पाहिला. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल या भीतीने करार करायला त्याला धाडलं होतं. करारावर सह्या होतात न होतात तोच शाह शुजाची गादी गेली. एवढा खटाटोप करून हाती काय, तर ग्रंथ. पण तो ग्रंथ असा की पुढची कित्येक वर्षं अफगाण मुलखाबद्दल काही हवं असलं की इंग्रज तोच उघडायचे.

खानदान: एक परिच्छेद पुरे

उमराव घराण्यातल्या साहेबावर लिहिताना लोक दोन पानं वंशावळीत घालवतात. नको. श्रोत्यांना एवढंच कळायला हवं की लॉर्डाचा मुलगा असून हा सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत कारकून म्हणून कलकत्त्याला का आला. उत्तर साधं आहे. हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. तिकडे किताब आणि इस्टेट थोरल्याकडे जाते. धाकट्यांनी सैन्य, आरमार, चर्च किंवा कंपनी यांतलं काहीतरी धरायचं. एक काका कंपनीच्या संचालक मंडळावर होता, म्हणजे वशिला घरचाच. दुसरा काका आरमारात ॲडमिरल. सनदी परीक्षा वगैरे तेव्हा नव्हत्या. संचालकाने नाव सुचवलं की नेमणूक.

या परिच्छेदात एक गोष्ट मात्र घ्याच. वडिलांकडे एडिंबरा किल्ल्याचा कारभार होता. तिथे फ्रेंच कैदी ठेवलेले असत. हा पोरगा त्यांच्यात जाऊन बसायचा, त्यांची क्रांतीची गाणी शिकायचा आणि घरी येऊन म्हणायचा. लॉर्डाच्या घरात राजाचं मुंडकं उडवणाऱ्यांची गाणी! किल्ला, कैदी आणि गाणं ही तिन्ही लक्षात ठेवा. ठाण्याच्या प्रकरणात परत लागतील.

चार रकाने

आता मोठा कागद घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, मुक्काम, हुद्दा, वरिष्ठ कोण. पहिले तीन सगळेच लिहितात. चौथा लिहिल्याशिवाय राजनैतिक माणसाचं चरित्र उलगडत नाही.

एल्फिन्स्टनचे रकाने भरून बघा. १७९६, कलकत्ता, मग बनारस. तिथे जानेवारी १७९९ मध्ये अवधच्या पदच्युत नबाबाने, वजीर अलीने, चेरी या साहेबाला आणि इतर काही इंग्रजांना ठार मारलं. एकोणीस वर्षांचा एल्फिन्स्टन घोड्यावर बसून निसटला. १८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेन्सीत सहायक म्हणून नेमणूक, रेसिडेंट कर्नल क्लोज. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली आणि पेशवा कंपनीच्या फौजेच्या आश्रयाला आला. पुढच्या वर्षी आर्थर वेलस्लीच्या छावणीत हा राजकीय मदतनीस: असई, आडगाव, गाविलगड. वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याला म्हणाला की तू पेशा चुकलास, शिपाईच व्हायला हवा होतास, अशी आठवण चरित्रकार देतात. १८०४ पासून नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, तेव्हा वय पंचविशीच्या आसपास. मग पेशावर. १८११ पासून पुणे.

आता चौथा रकाना. आर्थरचा थोरला भाऊ लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल असताना वरून हुकूम येतो तो पसरा, तह लादा, फौजा ठेवा. तो गेल्यावर बार्लोच्या काळात वारं फिरतं: खर्च कमी करा, देशी राज्यांच्या भानगडीत पडू नका. मिंटोला फ्रेंचांचं भय. १८१३ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्ज येतो आणि पेंढाऱ्यांबरोबर मराठ्यांचाही निकाल लावायचं मनात घेतो. नागपूरचा शांत, शिकारी, पुस्तकं वाचणारा एल्फिन्स्टन आणि १८१७ चा दात-ओठ खाणारा एल्फिन्स्टन यांत फरक दिसतो तो काही एका रात्रीत स्वभाव बदलला म्हणून नव्हे. वरचा साहेब बदलला. ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

हा तक्ता भिंतीला चिकटवा. लिहिताना दर पानाला त्याच्याकडे बघायचं.

पत्र वाचायची रीत

इथे घाई करू नका, सगळी मेहनत इथेच आहे.

रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापलेला आहे. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रांचे खंड निघाले, त्यांत एल्फिन्स्टनच्या पुण्यातल्या वर्षांची पत्रं सापडतात. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण कचेरीत काम केलेल्याला सूर ओळखीचा वाटेल: अवलोकनार्थ सादर, आदेश व्हावेत, तोवर योग्य ती कारवाई केली आहे.

प्रत्येक पत्राच्या समासात पेन्सिलीने चार शेरे मारायचे. कोणी कोणाला लिहिलं. घटना कधीची आणि पत्र कधीचं. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं. आणि पत्र वाचून वरिष्ठाने काय करावं अशी त्याची इच्छा आहे. शेवटचा शेरा सगळ्यांत मोलाचा. माहिती म्हणून लिहिलेल्या पत्रातसुद्धा मागणी दडलेली असते.

गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनावर ही रीत लावून बघा. बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी म्हणून शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. गायकवाड आणि पेशवे यांच्यातल्या जुन्या देण्याघेण्याचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा वाद होता. जुलै १८१५ मध्ये बाजीरावाबरोबर ते पंढरपूरला गेले आणि रात्री देवळातून परतताना त्यांचा खून झाला. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्यावर.

आता तिसरा शेरा: एल्फिन्स्टन तेव्हा कुठे होता? वेरूळला, लेणी बघायला गेलेला. म्हणजे पंढरपुरात काय झालं यातलं त्याने काहीच पाहिलं नाही. जे कळलं ते माणसांकडून, आणि ती माणसं कोण, कोणाच्या पगारावर, कोणाशी वैर असलेली, हे विचारणं तुमचं काम. त्र्यंबकजी दोषी नव्हता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की फिर्याद, चौकशी, साक्षी गोळा करणं आणि निवाडा हे सगळं एकाच दप्तरात झालं, आणि आरोपीचं म्हणणं त्या दप्तरात शोधून सापडत नाही. चौथा शेरा: हे पत्र वाचून गव्हर्नर जनरलने काय करावं? त्र्यंबकजी मागावा, आणि त्याच्या आडून बाजीरावाला नमवावं.

सप्टेंबर १८१५ मध्ये बाजीरावाने त्र्यंबकजीला इंग्रजांच्या हवाली केलं. ठेवायचा कुठे? पेशव्याच्या मुलखात नको. साष्टी आणि ठाणे १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांकडे होते. किल्ला मजबूत, खाडीकाठी, मुंबईहून जवळ. म्हणून ठाणे. आणि पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई, कारण देशी शिपाई फितवता येतील अशी भीती.

१२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, पावसाळी अंधारात, भिंतीला पाडलेल्या भोकातून त्र्यंबकजी निसटला.

हे कसं जमलं याची गोष्ट बहुतेक ठाणेकरांनी ऐकलेली असते: खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा, गाण्यातच निरोप होता, गोऱ्या पहारेकऱ्यांना काही कळलं नाही. सुरेख गोष्ट. फितुरीच्या भीतीने जे गोरे ठेवले, त्यांच्यामुळेच गाणं बिनधोक पोहोचलं. एडिंबऱ्याच्या किल्ल्यात कैद्यांची गाणी शिकणाऱ्या माणसाचा कैदी ठाण्याच्या किल्ल्यातून गाण्यावर पळावा, असा योग चरित्रकाराला रोज मिळत नाही. वापरा. पण दुसरा शेरा मारल्याशिवाय नको. ही गाण्याची गोष्ट आपल्यापर्यंत आणली ती मुख्यतः बिशप हीबरने. तो १८२५ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनचा पाहुणा होता, त्याच सुमारास ठाण्यालाही आला. किल्ल्यापासून जवळच्या सेंट जेम्स चर्चचं पवित्रीकरण त्यानेच केलं. म्हणजे घटना १८१६ ची आणि लिहिणारा नऊ वर्षांनंतर, ऐकीव. बरं, त्याआधी १८२४ मध्ये त्याने चुनारच्या किल्ल्यात खुद्द त्र्यंबकजीला पाहिलं होतं, कारण १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला जाऊन तिकडे गेला होता. तेव्हा हीबरला अगदी झटकून टाकू नका आणि डोळे मिटून उतरवूनही घेऊ नका. "हीबर सांगतो की" एवढे तीन शब्द पुढे जोडा, काम भागतं. भिंतीचं भोक हे घटना म्हणून लिहा, गाणं हे कथा म्हणून लिहा.

कारागृह आत जाऊन बघता येत नाही. बाहेरून तट दिसतो तेवढा बघा, मग खाडीच्या बाजूला या आणि अंतराचा अंदाज घ्या. रात्री, पावसात, खाडी ओलांडून पेशव्याच्या मुलखात शिरायचं म्हणजे काय, ते नकाशावर समजत नाही.

पळून गेल्यावरचा भाग पुन्हा पत्रांतून येतो. त्र्यंबकजी माणसं जमवतो आहे, बाजीराव त्याला आतून पैसा पुरवतो आहे, असं एल्फिन्स्टन लिहीत राहिला. कलकत्त्याहून उत्तर यायला आठवडे लागत. हा काळ नीट दाखवा, कारण त्या काळच्या रेसिडेंटची खरी सत्ता या टपालाच्या अंतरात होती. हुकूम येईपर्यंत जे करायचं ते तोच ठरवणार आणि नंतर मंजुरी मागणार. मे १८१७ मध्ये त्याने महिन्याभरात त्र्यंबकजी द्या आणि तोवर रायगड, सिंहगड, पुरंदर ओलीस ठेवा अशी मागणी केली आणि पुण्याभोवती फौज उभी केली. १३ जूनला पुण्याचा तह झाला. मराठेशाहीचं पुढारपण बाजीरावाला लेखी सोडावं लागलं आणि कल्याण-बेलापूरसकट उत्तर कोकण गेलं. आमच्या ऐरोलीच्या मित्राला मी म्हटलं, तू राहतोस त्याच्या शेजारचं बेलापूर या एका कैद्याच्या पळण्यापायी कंपनीकडे गेलं असं धाडसाने म्हणू नकोस, पण या क्रमाने लिही. ऐकणारा काय ते समजेल.

दुसऱ्या बाजूचे कागद

एका बाजूचे कागद वाचून टिपणी सादर केली तर आमचे साहेब ती फेकून देत. चरित्रालाही तोच न्याय. पेशवे दप्तरातले निवडक कागद सरदेसायांच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंडांत छापलेले आहेत, बखरी आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशनं आहेत. शोधताना "एल्फिन्स्टन" असं शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. जुन्या मराठी कागदांत तो अल्पिष्टन, अलपिष्टन अशा रूपांत येतो. मोडी येत असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर छापील देवनागरीवर सुरुवात करा, अडून बसू नका.

मराठी बाजू वाचल्यावर एक गोष्ट ठळक होते: रेसिडेंट एकटा नव्हता. त्याचे डोळे आणि कान आपलीच माणसं होती. रेसिडेन्सीतला खुर्शेटजी मोदी, बातम्या पुरवणारे, आणि पुढे बाळाजीपंत नातू, ज्यांचं नाव पुण्यात आजही कडवटपणे घेतलं जातं. त्यांना केवळ शिवी देऊन मोकळं होऊ नका. कोणाला काय मिळालं, कोणती वतनं, कोणती इनामं, ते लिहा. महसुलात राहिलेल्या माणसाला हे शोधायला आवडतं, हे कबूल.

५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई थोडक्यात घ्या. लोक इथे रणवर्णनात रमतात आणि चरित्रनायक हरवतो. तुमच्या माणसाचं त्या दिवशी काय झालं? मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी त्याने ऐनवेळी सोडली, नदी ओलांडून खडकीच्या फौजेला मिळाला, आणि मागे रेसिडेन्सी पेटली. त्याचा ग्रंथसंग्रह जळाला. इंग्रज फौज तीन हजारांच्या आत, पेशव्यांची कितीतरी पट मोठी, तरी दिवस इंग्रजांचा. पुढे जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला गेला. एल्फिन्स्टन त्याआधीच जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला होता.

माझ्या मते त्याच्या आयुष्याचा सगळ्यांत वाचनीय कागद यानंतरचा: १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर त्याने सादर केलेला अहवाल. पाटील, कुलकर्णी, गावगाडा, पंचायत, वसुली, न्याय, सगळं त्यात आहे. मराठी राज्यव्यवस्थेतले दोष तो परखडपणे मोजतो आणि मग हेही लिहितो की एवढे दोष असूनही मुलूख भरभराटीत होता. पंचायती मोडू नका, वतनं, इनामं चालू ठेवा, एकदम नवे कायदे आणू नका, असा त्याचा रोख. ही दयाबुद्धी की नवं राज्य पचवायची अक्कल? दोन्ही वाक्यं लिहून ठेवा, निवाडा श्रोत्यांवर सोडा.

आणि त्याच माणसाने पुण्यात युरोपियनांना मारून बाजीरावाला परत आणण्याचा कट उघडकीला आल्यावर म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. गव्हर्नर नेपियनने सुचवलं की या शिक्षेबद्दल कायद्याचं संरक्षण मागून घ्या. याने नकार दिला, मी केलं ते बरोबर असेल तर संरक्षण कशाला आणि चूक असेल तर मिळावं कशाला, अशा अर्थाचा. अहवाल आणि तोफ हे दोन्ही प्रसंग एकाच पानावर ठेवा. चांगल्या-वाईटाचे वेगळे विभाग पाडले की माणूस मरतो.

खाजगी माणूस

एल्फिन्स्टन रोजनिशी लिहायचा. त्यात पहाटे उठून ग्रीक नाटकं, थ्युसिडिडीस, हाफिज वाचणारा, घोड्यावरून भाल्याने रानडुकरांची शिकार करणारा, मध्येच उदास होऊन स्वतःवर चिडणारा अविवाहित माणूस दिसतो. सर एडवर्ड कोलब्रुकने १८८४ मध्ये दोन खंडांत त्याचं चरित्र काढलं त्यात रोजनिशीचे आणि पत्रांचे उतारे भरपूर आहेत. इंटरनेटवर स्कॅन मिळतं. एकाच दिवसाची रोजनिशी आणि एकाच दिवसाचं सरकारी पत्र शेजारी ठेवून वाचायचं. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा. तुमच्या लेखातली उत्तम जागा तीच.

पुढे दुसऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी वेगळ्या ठेवा. एक प्रसिद्ध आहे: ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्या तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहिला आणि ही कशाला म्हणून विचारलं, तेव्हा याने सांगितलं की एतद्देशीयांना शिकवायला, पण हाच आपला युरोपला परतायचा हमरस्ता आहे. भाषणात टाळी घेणारं वाक्य आहे हे. आठवण म्हणूनच सांगा.

उतारवयाचं भराभर आटपा. १८२७ ला मुंबई सोडली, ग्रीसमधून फिरत घरी गेला, गव्हर्नर जनरलपद देऊ केलं तर नाकारलं, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास छापला, २० नोव्हेंबर १८५९ ला इंग्लंडात सरे परगण्यात वारला. सत्तावनच्या उठावाच्या वेळी तो हयात होता आणि तेव्हा मुंबईचा गव्हर्नर त्याचा पुतण्या होता, एवढं सांगायला विसरू नका.

लिहायला बसल्यावर

आधी मराठी ग्रंथ संग्रहालय गाठा. १८९३ पासूनची संस्था आहे, जुनी मराठी पुस्तकं जी बाहेर मिळत नाहीत ती तिथे विचारून बघा. मुंबईला एक दिवस काढा. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत त्याचा चँट्रीने घडवलेला पुतळा आहे; चेहरा एकदा बघितला की लिहिताना बरं पडतं. राज्याचं पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे. तिथे जाण्याआधी काय हवंय ते तारखेसकट कागदावर लिहून न्या. "एल्फिन्स्टनबद्दल काहीही" अशी मागणी केली तर कोणताही कारकून तुमच्याकडे जसं बघेल तसंच तिथेही बघतील, आणि ते रास्तच.

पाऊण तास म्हणजे चार-साडेचार हजार शब्द. सगळं आयुष्य कोंबू नका. माझ्या हिशेबाने अर्धा वेळ १८१५ ते १८१९ ला, उरलेल्यात बाकीची पंचाहत्तर वर्षं.

एकेरी-अहोजाहोचं आधी ठरवा. "एल्फिन्स्टनसाहेब म्हणाले" आणि "त्र्यंबकजी पळाला" असं एका दमात वाचलं की तुमचा कल कट्ट्यावरच्या शेवटच्या खुर्चीलाही कळतो. मी सगळ्यांना एकेरी ठेवते, बाजीरावालाही. कोणाला खटकलं तर सगळ्यांना आदरार्थी करा. फक्त शास्त्री आणि नातूंच्या बाबतीत माझी जीभ अडते, ते वर तुम्ही पाहिलंच असेल.

दर परिच्छेदाला समासात कागदाचा दाखला पेन्सिलीने ठेवा. वाचायचा नाही, पण प्रश्न आला की बोट ठेवता यायला हवं. प्रश्न हमखास येतात. "बाजीराव एवढा नालायक होता का?" हा पहिला. त्यावर विचारा, तसं लिहिलंय कोणी, आणि त्याचा काय फायदा होता. "इंग्रज आले नसते तर?" याला उत्तर देऊ नका, चहा आला म्हणून सांगा. आणि "ठाण्याच्या किल्ल्यात नेमकी कोणती खिडकी?" असं कोणीतरी विचारतंच. दाखवता येत नाही असं स्वच्छ सांगा आणि पुढचा प्रश्न घ्या.